सोलणीच्या खोलीतली हजेरी

काजूच्या टरफलात एक दाहक तेल असते. रोज काजू फोडणाऱ्या बाईच्या बोटांची कातडी त्या तेलाने काळी पडते, तडकते आणि पापुद्र्यांनी निघते. आजगावकरांच्या कारखान्यातल्या फोडणी विभागात सगळ्या बायकांची बोटे अशीच होती, आणि दाराजवळचे हजेरीचे यंत्र त्यांचे अंगठे रोज सकाळी बिनतक्रार ओळखत असे. शेजारच्या सोलणी विभागातल्या बायका भाजून सुकवलेल्या गरांवरची साल काढत. ते काम कोरडे आणि स्वच्छ. त्यांच्या बोटांना ओरखडाही नव्हता. त्यांना तेच यंत्र ओळखत नसे.

"सर, यात चूक कुठे आहे ते सांगा," रुचिता आरोंदेकर म्हणाली.

ती माझी तृतीय वर्षाची विद्यार्थिनी. प्राध्यापकांच्या खोलीत माझ्या टेबलासमोर ती उभी होती आणि मी डबा उघडत होतो.

"चूक म्हणजे?"

"उलटं आहे ना सगळं. नापास व्हायला हव्यात त्या पास, आणि पास व्हायला हव्यात त्या नापास."

"म्हणजे विद्यापीठाच्या निकालासारखं," शेजारच्या टेबलावरून प्रा. भणगे म्हणाले. ते आमच्याच संस्थेच्या विज्ञान शाखेत पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख होते. चहा वाणिज्य शाखेत बरा मिळतो म्हणून दुपारी इकडे येत.

पदार्थविज्ञान माझाही विषय. एम.एस्सी. होऊन मी सावंतवाडीत परतलो तेव्हा भणगे यांच्या विभागात जागा नव्हती. वाणिज्य शाखेने त्याच वर्षी व्यवसाय प्रशासनाच्या पदवीत संगणक माहिती प्रणाली हा विषय सुरू केला होता आणि त्यांना संगणकाला न घाबरणारा माणूस हवा होता. मी ती अट पूर्ण करत होतो. विज्ञान शाखेत आमच्या अभ्यासक्रमाला 'दुकानातला कॉम्प्युटर' म्हणत. आमच्या मुलांना सर्किट येत नसे, आणि त्यांचे गणित शेकडेवारीच्या पलीकडे जात नसे, हे खरे होते. त्यांना एकच गोष्ट शिकवायची होती : एखाद्या कारखान्यात, दवाखान्यात, पतसंस्थेत माहिती कुठून निघते, कुणाच्या हातून जाते आणि शेवटी कोण ती वाचून काय ठरवतो.

रुचिताचा प्रकल्प आजगावकरांच्या कारखान्यात होता. हजेरी आणि उत्पादन यांची एकत्र नोंद ठेवणारी प्रणाली तयार करायची, एवढेच काम. त्यात हे उपटले होते.

"यंत्र बिघडलेलं असेल," मी म्हणालो.

"यंत्राच्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. स्वतःचा अंगठा लावून दाखवला. चाललं."

"मग बायकांना विचार."

"विचारलं. 'मशीन घेणा नाय' म्हणतात." "सर, तुम्ही एकदा याल का? शेठ त्यांना काढायला निघालेत."

*

नंदूशेठ आजगावकर साठीचे, पांढऱ्या शर्टातले, बोलताना समोरच्या ताटलीतले काजू सारखे सरळ रेषेत लावणारे गृहस्थ होते. वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांनी घातलेला हा कारखाना.

"मास्तर, यंत्राला नातंगोतं नसतं," ते म्हणाले. "माणूस गाववाल्याची हजेरी मांडतो. यंत्र नाही मांडत. वर्षाचा तक्ता काढला तर सोलणीच्या बहुतेक बायका जवळजवळ रोज गैरहजर."

"पण शेठ," रुचिता म्हणाली, "गर तर रोज सोलून होतायत. त्या नसतात तर सोलतं कोण?"

"तेच तर!" शेठनी एक काजू रेषेतून बाहेर काढला. "कुणाची सून येते, कुणाची जाऊ येते. बदली माणूस. मग थंब कसा जुळणार? यंत्र बरोबर सांगतंय, ही ती बाई नव्हे."

दारात मुकादम उभा होता. सगळे त्याला दाजी म्हणत. तो म्हणाला, "शेठ, मी रोज बघतंय. त्याच बायका असतत. तीनदा मशीन नाय म्हणाला की मी जुन्या हजेरीपटार सही घेतंय."

"तू त्यांच्याच वाडीतला. सही काय, कोणीही मारील."

सोलणीची मजुरी सोललेल्या गरांच्या वजनावर मिळे. त्यामुळे हजेरी लागली काय, न लागली काय, आठवड्याच्या पैशांत फरक पडत नव्हता आणि बायकांना या तक्त्याचा पत्ताच नव्हता. तक्ता फक्त शेठ वाचत होते.

"सोलायचं मशीन मागवलंय," शेठ म्हणाले. "शिमगा झाला की बसेल. मग सगळ्या बायका लागणार नाहीत. ज्या नियमित, त्या राहतील. जी माझी फसवणूक करते तिला मी का ठेवू? आणि नियमित कोण हे सांगायला माझ्याकडे हा एकच कागद आहे."

"बदली माणसं येत नसतील तर?" रुचिताने विचारले.

"तर कारण दाखव. तू शिकतेस ना कॉम्प्युटर? शिमग्यापर्यंत दाखव, मी ऐकीन. 'बिचाऱ्या आहेत' हे कारण मला नको."

"मलाही नको," ती म्हणाली.

हे उत्तर मला आवडले. बाहेर आल्यावर मी तिला तसे सांगितले नाही. विद्यार्थ्यांना कामाच्या मध्यावर शाबासकी दिली की ते मोजमाप सोडून देतात.

*

त्या आठवड्यात आम्ही रोज सकाळी कारखान्याच्या दाराशी उभे राहिलो. एका बाजूला फोडणीची लांबच लांब शेड, दुसऱ्या बाजूला मोठ्या खिडक्यांची सोलणीची खोली, आणि मध्ये भिंतीवर ते यंत्र. त्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवलेली : 'येथे अंगठा लावा'.

बदली माणसांची शंका पहिल्या सकाळीच निकालात निघाली. रुचिताने प्रत्येकीला नावाने हाक मारली, ओळखपत्रावरचा फोटो पाहिला. सगळ्या त्याच होत्या. यंत्राने तरीही त्यांना नाकारले.

"शेठना सांगू?" तिने विचारले.

"ते म्हणतील, तू उभी राहिलीस म्हणून आज खऱ्या आल्या. कारण सापडल्याशिवाय काही सांगायचं नाही."

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. सोलणीच्या खोलीला लागून गर सुकवायची भट्टी होती. कोरड्या हवेने बोटाची त्वचा सुकते आणि सुकलेले बोट काचेवर नीट उमटत नाही. मी हे रुचिताला समजावून सांगितले.

"पण सर, हजेरी आत जायच्या आधी लागते. तेव्हा त्या घरून आलेल्या असतात. चालत."

बरोबर होते. मग मी हात धुण्याकडे वळलो. सोलणीत खाण्याचा माल हाताळतात म्हणून तिथे साबणाने हात धुवायची सक्ती होती.

"नळ यंत्राच्या पलीकडे आहे," ती म्हणाली. "हजेरी आधी, नळ नंतर."

टरफलाचे तेल लागू नये म्हणून फोडणीच्या बायका हाताला राख चोळतात. राखेने कदाचित रेषा अधिक ठळक होत असतील. पण राखेचे घमेले शेडच्या आत होते. तीही हजेरीनंतर.

"वय," मी म्हणालो. "वयानुसार बोटावरच्या रेषा झिजतात. हे सिद्ध झालेलं आहे."

वहीत पाहून ती म्हणाली, "सोलणीत दोन मुली नव्या आहेत. दहावी झालेल्या. बाकी सगळ्या चाळिशीपुढच्या. त्यांना यंत्र रोज ओळखतं."

"मग झालं तर. वय."

"पण फोडणीतली शेवंती सगळ्यांत म्हातारी आहे, सर. तिलाही ओळखतं."

वय म्हणावे तर शेवंती आडवी येत होती. खोली म्हणावी तर त्या दोन मुली. सोलणीची खोली आणि चाळिशीपुढचे वय या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच यंत्र नकार देत होते, आणि मला ठाऊक असलेल्या कोणत्याही भौतिक नियमात या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लागत नव्हता.

"आणखी एक आहे," रुचिता म्हणाली. "पण ते मोजता येत नाही."

"मग राहू दे."

"त्या चिडत नाहीत, सर."

"कोण?"

"सोलणीच्या बायका. तुमचा अंगठा यंत्राने रोज तीन-तीनदा नाकारला तर तुम्ही काय कराल?"

"तक्रार करीन."

"मी तर यंत्राला थप्पड मारीन. या आपल्याकडे पाठ करून तीनदा लावतात, बाजूला होतात आणि दाजींच्या टेबलाकडे हसत जातात. वर्ष झालं. एकीनंही तक्रार केलेली नाही." तिने वही मिटली. "तुम्हीच शिकवलंत, प्रणाली बिघडली की पहिल्यांदा वापरणारा ओरडतो. वापरणारा ओरडत नसेल, तर प्रणाली त्याच्यासाठी चालते आहे."

हे वाक्य मी शिकवले होते. पुस्तकात होते, म्हणून शिकवले होते. त्याचा असा उपयोग करता येतो हे पुस्तकात नव्हते.

"हसण्याला पुरावा म्हणत नाहीत," मी म्हणालो. "आपण ठसे घेऊ. शाईचे. भिंगाखाली रेषा पाहू, म्हणजे बोटांचा प्रश्न कायमचा मिटेल."

"घेऊ या," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून तिला त्यातून काही निघेल असे वाटत नव्हते. तरी तिने पॅड, कागद आणि भिंग यांची जुळवाजुळव व्यवस्थित केली.

*

दुपारच्या जेवणानंतर दोन्ही विभागांतल्या बायका सोलणीच्या खोलीत जमल्या. उंच खिडक्यांतून भरपूर उजेड येत होता. सालीचा एकेक तांबूस कण दिसावा म्हणून ही खोली मुद्दाम तशी बांधली होती. भाजलेल्या गरांचा गोडसर वास येत होता.

शेवंती सगळ्यांत आधी पुढे आली. तिने आपला काळा, भेगाळलेला अंगठा माझ्या नाकासमोर धरला.

"बघा मास्तरांनू, ह्यात काय गावता काय. माझ्या घोवाक चाळीस वर्सांत गावला नाय."

बायका हसल्या. तिने पॅडवर अंगठा दाबला, कागदावर उमटवला. भिंगाखाली रेषा तुटक होत्या, मध्ये पांढरे डाग होते, पण काठाला पुरेशा शिल्लक होत्या. त्या काठावर यंत्र रोज तिला ओळखत होते. तिच्यामागून फोडणीच्या सगळ्या बायकांनी भराभर ठसे दिले, पदराला अंगठे पुसले आणि त्या बाजूला झाल्या. सोलणीतल्या दोन नव्या मुलींनीही दिले.

"आता सोलणी," मी म्हणालो.

कुणी हलले नाही.

सोलणीच्या बायकांत सत्यभामा गावडे सर्वांत जुनी. तिला सगळे भामाकाकी म्हणत. अंगाने बारीक, नाकात मोठी चमकी, आणि गर दोन बोटांत असा फिरवायची की साल अख्खी एका तुकड्यात निघे. ती पुढे आली, पॅडकडे पाहिले आणि हात पाठीमागे घेतला.

"काकी, इथे," मी पॅड पुढे सरकवला.

"पेन आसा?" तिने विचारले.

"पेन कशाला?"

तिने माझ्या खिशातले पेन स्वतःच काढून घेतले, टोपण उघडून पेनाच्या मागच्या टोकाला बसवले, आणि कागदावर वाकून लिहू लागली. सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळे, प्रत्येकावर स्वतंत्र रेघ : सत्यभामा विठू गावडे. खाली एक आडवी रेघ. त्याखाली तारीख. मग तिने पेन मागच्या बाईच्या हातात दिले. त्या बाईने आपले नाव लिहिले आणि पेन पुढे दिले.

"काकी, सही नकोय," मी म्हणालो. "अंगठा हवाय."

"कोणाक होयो आंगठो?" भामाकाकी म्हणाली. "माका सही येता."

पेन हातोहात पुढे जात होते. रुचिताने हात लांबवून पॅडचे झाकण बंद केले. मग ती त्या बायकांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने त्यांच्याच बोलीत विचारले, "काकी, खरा सांग. सकाळी मशिनीर काय लावतस?"

भामाकाकीने इकडे तिकडे पाहिले. दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"आंगठोच लावतंय गो."

"खंयच्या अंगान?"

"नखाच्या," भामाकाकी म्हणाली आणि आता सगळ्याच हसल्या. "तीनदा लावलंय की झाला. मगे दाजी पेन देता."

दाजी दारात होता. त्याने कपाळावर हात मारला. "आनी मी कंपनीच्या माणसाक शिये घालतंय!"

"सगळ्यो तशेंच करतत?" रुचिताने विचारले.

"सगळ्यो. ही दोन चेडवां सोडून." भामाकाकीने नव्या मुलींकडे हनुवटी केली. "तेंका काय त्याचा?"

"आम्हाला काय," त्यांतली एक मुलगी म्हणाली. "आम्ही पहिलीपासून सही करतो."

मग ते सगळे हळूहळू बाहेर आले, तुकड्यातुकड्याने, एकीचे वाक्य दुसरीने पुरे करत. साक्षरतेच्या मोहिमेच्या वर्षांत याच खोलीत संध्याकाळचा वर्ग भरे. गर सोलायला दिवसाचा उजेड लागतो. उजेड गेला की सोलणी बंद. त्यामुळे तिन्हीसांजेला सोलणीच्या बायका मोकळ्या होत आणि शेठच्या वडिलांनी दिलेले कंदील लावून इथेच पाटी घेऊन बसत.

"आनी आमची फोडणी दिव्याच्या उजेडार चालूच," शेवंती म्हणाली. "आमी कदी शिकतलंव? आमका आंगठो तो आंगठो. मशिनीन मागलो, दिलो."

"माज्या आयेचो हात तलाठी धरी," भामाकाकी म्हणाली. "असो धरी आनी आंगठो दाबी. कसल्या कागदार ता तिका कदीच कळला नाय. मशीन इला त्या दिसा कंपनीचो तो झील इलो. न्हानसो, माज्या नातवाएवढो. त्यानय माजो हात तसोच धरल्यान." तिने आपला उजवा हात डाव्या हातात धरून दाखवला. "त्या दिसा तो दाबून घेतल्यान. दुसऱ्या दिसापासून मी ठरवलंय."

"तू ठरवलंस की सगळ्यांनी?"

"मी कोणाक सांगूक नाय. बाजूचीन बघल्यान, तिनाय तसाच केल्यान."

रुचिताने मग त्यांना शेठचा तक्ता समजावून सांगितला : यंत्र काय नोंदवते, शेठ काय वाचतात, आणि त्यांना काय वाटते आहे. हसणे थांबले.

"बदली?" भामाकाकी उठून उभी राहिली. "माज्या बदली माजी सून येता म्हणता तो? तिका एक तरी गर मोडल्याशिवाय सोलूक येता काय, ता विचार जा शेटाक! माज्या ताटातलो गर आनी तिच्या ताटातलो गर, आंधळो सांगात!"

*

नंदूशेठनी सगळे ऐकून घेतले. काजूंची रेष अर्धवट राहिली होती.

"नखाने?" त्यांनी दुसऱ्यांदा विचारले.

"नखाने," रुचिता म्हणाली.

"मग सोपंच आहे. त्यांना सांग, अंगठा नीट लावा. विषय संपला."

"शेठ, एक विचारू? बँकेत तुम्ही काय करता, सही की अंगठा?"

"म्हणजे काय? सही."

"उद्या मॅनेजर म्हणाले, 'शेठ, आजपासून रोज अंगठा'?"

"मी कशाला लावीन? बी.कॉम. झालोय मी, चेष्टा आहे काय!"

"त्याही झाल्यात, शेठ, साक्षर. सोलणीच्या खोलीत झाल्यात. तुमच्या वडिलांनी कंदील दिले होते त्यांना."

"दिले होते," शेठ म्हणाले. "रॉकेलही." मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मास्तर, ही तुमच्याकडे नेमकं काय शिकते?"

"माहिती प्रणाली," मी म्हणालो.

"यात कॉम्प्युटर कुठे आला?"

"तो आता येतो," रुचिता म्हणाली आणि तिने पिशवीतून आपला आराखडा काढला. यंत्र तेच राहणार होते. त्यातल्या सगळ्या जुन्या नोंदी पुसून नव्याने घ्यायच्या होत्या, पण अंगठ्याच्या नव्हे, तर्जनीच्या. भिंतीवरची चिठ्ठी काढायची. नोंद करताना कुणी कुणाचा हात धरायचा नाही. आणि बोट जुळले की यंत्राच्या पडद्यावर आकडा न दिसता त्या बाईचे पूर्ण नाव दिसले पाहिजे, मराठीत.

"तर्जनीच का?" शेठनी विचारले.

"पेन धरताना पुढे असतं ते बोट."

शेठनी आराखडा मान्य केला. नव्या नोंदी झाल्यावर दुसऱ्या दिवशी भामाकाकीने यंत्रासमोर उभे राहून आपली तर्जनी काही वेळ न्याहाळली. मग तिने ती काचेवर ठेवली. पडद्यावर नाव उमटले. ते तिने मोठ्याने, अक्षर तोडून वाचले.

"गावडेतलो 'डे' बरोबर आसा," तिने निकाल दिला आणि ती आत गेली.

तिच्यामागे शेवंती होती. "माजाय नाव इला मां?" तिने पडद्याकडे बोट करून विचारले. "काय लिवला हा, वाच गो कोणी तरी."

"दुसऱ्यान कित्या वाचूक होया?" भामाकाकी आतून ओरडली. "दुपारी ये हयसर. शिकवतंय."

त्या आठवड्यात यंत्राने सोलणीच्या एकाही बाईला नाकारले नाही. शिमग्यानंतर सोलायचे यंत्रही आले. शेठनी त्यासाठी कुणाला घरी पाठवले नाही. जुना तक्ता त्यांनी आमच्यासमोर फाडला आणि मुकादमाला बोलावून, त्याच्याकडे न पाहता, "दाजी, तू म्हणत होतास ते बरोबर होतं," एवढे म्हणाले. त्यांच्या स्वभावाच्या माणसाने याहून जास्त बोलणे शक्य नव्हते.

*

आमच्या संस्थेत तोंडी परीक्षेला दुसरा परीक्षक विज्ञान शाखेतून येण्याची पद्धत होती. त्या वर्षी भणगे आले. रुचिताचा अहवाल त्यांनी शेवटच्या पानापासून उघडला.

"बसा. हजेरीच्या यंत्रातला दोष तुम्ही काढलात म्हणे. सेन्सर बदललात?"

"नाही, सर."

"प्रोग्राम बदललात?"

"ओळख पटवण्याचा नाही. फक्त नाव दाखवण्याचा."

"मग बदललं काय?"

"बोट, सर."

भणगे यांनी चष्मा काढला. त्यांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहत होतो. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी जे काही होते ते परीक्षकाला दिसणे योग्य नव्हते.

"हा तक्ता तुम्ही मांडलात?" ते म्हणाले. "विभाग आणि वय?"

"हो, सर. दोन्ही एकत्र असतील तरच नकार येतो. म्हणून उष्णता, पाणी, राख, वय, सगळी भौतिक कारणं बाद झाली."

"ही पद्धत कुणी शिकवली?"

"सरांनी." तिने माझ्याकडे पाहिले नाही. "पण त्यानं फक्त काय नाही ते कळलं. काय आहे ते बायकांनी सांगितलं."

भणगे पाने उलटत राहिले. मग त्यांनी अहवाल मिटला आणि आमच्याकडचा चहा पिताना ते ज्या स्वरात बोलत त्याहून फार वेगळ्या स्वरात म्हणाले, "प्रयोगशाळेत मला हे सापडलं नसतं. कारण लिहून घेतो. एका वाक्यात सांगा."

त्यांनी पेन उघडले. त्यानंतरच्या वर्षांत मी पुष्कळ प्रकल्प तपासले. यापेक्षा गुंतागुंतीचे आणि यापेक्षा महागडे. त्या दिवशी तिने सांगितलेले वाक्य भणगे यांनी जसेच्या तसे लिहून घेतले, आणि आजही नव्या वर्गाला पहिल्या तासाला मी तेच फळ्यावर लिहितो.

"यंत्र ठीक होतं, बोटं ठीक होती," रुचिता म्हणाली, "सोलणीच्या बायकांना सही येत होती."